पंधरा डॉलरची सळई

गेल्या वर्षी उन्हाळ्यात माझ्या भाच्यानं मला त्याच्या मोटारीतून कोल्हापूरहून रत्नागिरीला नेलं. आंबा घाटाची पहिली दोन-तीन वळणं झाल्यावर त्यानं विचारलं, "मामू, काही फरक जाणवतोय?" मला जाणवलं ते एवढंच, की नेहमी वळणावर मी दाराकडं कलंडतो, तसा या वेळी फारसा कलंडलो नाही. तसं सांगितल्यावर स्वारी खूश झाली. म्हणाला, "मागचा स्टॅबिलायझर बार बदललाय. कंपनीचा बारीक होता, मी जाड टाकलाय. आता जिथं वळवीन तिथं वळते!"

रत्नागिरीला पोचल्यावर त्यानं मला गाडीखाली वाकायला लावून तो बार दाखवला. पाहून माझा थोडा विरसच झाला. अंगठ्याएवढ्या जाडीची, दोन्ही टोकांना वाकवलेली एक पोलादी सळई. ना त्यात मोटर, ना तारा, ना दात्यांची चाकं. एवढ्याशा सळईनं गाडीचा स्वभाव कसा बदलेल? घरी आल्यावर मी या सळईच्या मागं लागलो आणि वाचता वाचता थेट अमेरिकेच्या सिनेटपर्यंत जाऊन पोचलो. आज सांगायची आहे ती या सळईची गोष्ट.

आधी तिचं काम समजून घेऊ. इंग्रजीत तिला 'अँटी-रोल बार' किंवा 'स्वे बार' म्हणतात. आपल्या गॅरेजमध्ये ती 'स्टॅबिलायझर'. इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकाराची ही सळई गाडीच्या आडव्या अंगानं बसवलेली असते. मधला भाग रबरी बुशांमध्ये धरून गाडीच्या सांगाड्याला अडकवलेला आणि दोन टोकं लिंक रॉडनं डाव्या-उजव्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडलेली. गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम वर उचलली गेली, तर सळई बुशांमध्ये नुसती फिरते, काही विरोध करत नाही. पण वळणावर गाडी एका बाजूला कलू लागली, एक चाक वर आणि दुसरं खाली जाऊ लागलं, की सळईला पीळ बसतो. तो पीळ सोडवण्याची तिची धडपड म्हणजेच गाडीला सरळ ठेवण्याची धडपड. ओलं धोतर दोघांनी दोन टोकांना धरून पिळताना हाताला जो ताण जाणवतो, तोच हा ताण.

ही कल्पना जुनी आहे. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या फ्रेडरिक्टन गावच्या स्टीफन कोलमन यांना २२ एप्रिल १९१९ रोजी अशा बारचं पेटंट मिळालं. पण त्या काळी त्याची फारशी कुणाला गरज वाटली नाही. तेव्हाच्या मोटारींच्या स्प्रिंगा इतक्या कडक असत, की गाडी कलायचा प्रश्न बेताचाच होता. हाडं खिळखिळी व्हायची ती मात्र प्रवाशांची.

चित्र बदललं १९३० नंतर. रोल्स-रॉइसमध्ये काम केलेले मॉरिस ऑली नावाचे ब्रिटिश अभियंते अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीत आले. चाचणीची एक खास गाडी तयार करून, तिच्यावरची वजनं पुढं-मागं सरकवून त्यांनी प्रवाशाला धक्के कधी बसतात आणि कधी बसत नाहीत याचा शोध घेतला. पुढच्या स्प्रिंगा मऊ हव्यात, हे त्यांच्या लक्षात आलं. १९३४ च्या मॉडेलांमध्ये जनरल मोटर्सनं पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिलं आणि अमेरिकन मोटार पाळण्यासारखी चालू लागली. पण पाळणा म्हटला की तो डोलणारच. मऊ गाडी वळणावर जास्त कलू लागली, आणि कोलमन यांच्या सळईची आठवण काढण्याची वेळ आली. दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः १९५० नंतर, ती मोटारींमध्ये सर्रास दिसू लागली.

आज मोटारवेड्या पोरांच्या तोंडी असणारे दोन शब्दही याच ऑलींच्या कामातून रूढ झाले : अंडरस्टिअर आणि ओव्हरस्टिअर. वळणावर पुढच्या चाकांची पकड आधी सुटली, तर तुम्ही स्टिअरिंग वळवलंत तरी गाडी नाक बाहेर काढून सरळ जाऊ पाहते. हा अंडरस्टिअर. मागच्या चाकांची पकड आधी सुटली, तर शेपूट बाहेर फेकलं जातं आणि गाडी स्वतःभोवती गिरकी घेऊ पाहते. हा ओव्हरस्टिअर. पहिल्यात घाबरलेला माणूस अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलतो, वेग कमी होतो, वजन पुढच्या चाकांवर येतं आणि बहुधा गाडी सावरते. दुसऱ्यात घाबरून पाय उचलला, तर वजन मागच्या चाकांवरून आणखी कमी होतं आणि शेपूट आणखी फेकलं जातं. म्हणजे माणसाची उपजत भीती पहिल्या प्रकारात त्याला वाचवते आणि दुसऱ्या प्रकारात घात करते. पुढची सगळी गोष्ट या एका फरकाची आहे.

आता सळईचं खरं गुपित. मला वाटायचं की ती गाडीची पकड वाढवत असेल. तसं मुळीच नाही. वळणावर गाडीचं वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतं. ते एकूण किती सरकणार, हे मुख्यतः गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधलं अंतर आणि वळणाचा जोर यांवर ठरतं. सळई ते थोपवू शकत नाही. ती फक्त वाटणी करते : सरकलेल्या वजनातला किती भार पुढच्या बाजूनं सोसायचा आणि किती मागच्या. बाजार समितीतल्या दोन हमालांचं उदाहरण घ्या. दोघांच्या पाठीवर पन्नास-पन्नास किलोचं पोतं दिलं, तर दोघंही बिनघोर चालतील. पण एकाला नव्वद किलो आणि दुसऱ्याला दहा दिलं, तर एकूण ओझं तेवढंच असूनही पहिल्याचे पाय लटपटतील. टायरचंही असंच आहे. डाव्या-उजव्या चाकांवरचा भार जेवढा विषम, तेवढी त्या जोडीची एकूण पकड कमी. म्हणून ज्या बाजूची सळई जाड, त्या बाजूची पकड आधी सुटते. मागचा बार जाड केला की मागची पकड कमी होते आणि तुलनेनं पुढची वाढल्यासारखी वाटते. गाडी चपळ वळू लागते ती त्यामुळं. तिला नवीन काही मिळालेलं नसतं. मागचं काढून पुढं दिलेलं असतं.

आणि हे देणंघेणं लहान नसतं. सळईचा पीळ तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. २० मिलिमीटरच्या भरीव सळईच्या जागी त्याच आकाराची २२ मिलिमीटरची टाकली, तर ती जवळजवळ दीडपट ताठ होते. २४ ची टाकली तर दुपटीहून थोडी अधिक. बोटानं चाचपून कळणार नाही एवढ्या फरकात गाडीचा स्वभाव पालटतो.

हे जसं सळई जाड करण्याचं, तसंच ती मुळात न लावण्याचं. एका कंपनीनं ती न लावल्यामुळं काय घडलं, ते आता पाहू.

१९५९ च्या अखेरीस जनरल मोटर्सच्या शेव्हरोले विभागानं 'कॉर्व्हेअर' नावाची छोटी गाडी बाजारात आणली. विभागप्रमुख एड कोल हे मोठे कल्पक अभियंते. अमेरिकेत तेव्हा लांबलचक, इंजिन पुढं असलेल्या गाड्यांचं राज्य होतं. कॉर्व्हेअरचं इंजिन मागं, हवेनं थंड होणारं, अॅल्युमिनियमचं. दिसायला देखणी, आटोपशीर. पण इंजिन मागं असल्यानं वजनाचा साठ टक्क्यांहून जास्त भाग मागच्या चाकांवर होता. शिवाय मागं 'स्विंग अॅक्सल' नावाची रचना होती. तीत चाकाचा आस गिअरबॉक्सजवळच्या सांध्याभोवती दरवाजासारखा झुलतो. जोरदार वळणावर गाडीची मागची बाजू उचलली गेली, की बाहेरचं चाक आतल्या अंगाला मुडपायचं, टायर कडेवर उभा राहायचा आणि पकड एकाएकी जायची. म्हणजे ओव्हरस्टिअर, आणि तोही पूर्वसूचना न देता.

यावर एक साधा उतारा होता. पुढच्या बाजूला स्टॅबिलायझर बार बसवायचा. पुढची बाजू ताठ झाली की वळणाचा जास्त भार पुढच्या चाकांनी घेतला असता आणि मागच्या चाकांवरचा ताण हलका झाला असता. पण १९६० ते १९६३ या चार वर्षांच्या मॉडेलांत हा बार नेहमीच्या गाडीसोबत दिला गेला नाही. त्याऐवजी कंपनीनं टायरच्या हवेवर भरवसा ठेवला. गाडीसोबतच्या पुस्तिकेत लिहिलेलं असायचं : थंड टायरमध्ये पुढं १५ पौंड हवा, मागं २६ पौंड. पुढं एवढी कमी हवा ठेवून पुढची पकड मुद्दाम उणी करायची, म्हणजे मागच्या दोषाचा तोल साधेल, असा हिशेब. आता सांगा, पंपावर हवा भरताना पुस्तिका उघडून बघणारी माणसं किती? हवा भरणाऱ्या पोऱ्याला पुढच्या टायरमध्ये पंधराच पौंड दिसली, तर तो आपला भला विचार करून ती वाढवणारच. त्याच्या त्या चांगुलपणातच धोका होता.

अपघात होऊ लागले, खटले उभे राहिले. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथं १९६१ मध्ये एका बाईंची कॉर्व्हेअर उलटली आणि त्यांना डावा हात गमवावा लागला. १९६४ मध्ये कंपनीनं खटला पुढं न चालवता ७० हजार डॉलर देऊन तो मिटवला. दरम्यान, १९६२ मध्ये कंपनीनं जादा पैसे मोजणाऱ्या हौशी ग्राहकांसाठी एक खास सस्पेन्शन देऊ केलं. त्यात पुढचा स्टॅबिलायझर बार होता. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. उतारा कंपनीच्या कपाटात होता, पण तो चैनीची वस्तू म्हणून विकायला ठेवला होता.

पुढं जनरल मोटर्समध्येच उच्च पदावर काम केलेल्या जॉन डीलोरियन यांच्या आठवणींचं पुस्तक १९७९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांच्या सांगण्यानुसार, कोल यांच्यानंतर शेव्हरोलेचे प्रमुख झालेल्या बंकी नडसन यांनी हा बार सगळ्या गाड्यांना लावण्याची परवानगी वरिष्ठांकडं मागितली, तेव्हा ती 'खर्चिक' म्हणून नाकारण्यात आली. परवानगी नाही तर राजीनामा, असं नडसन यांनी बजावल्यावरच ती मिळाली. आणि हा खर्च किती? डीलोरियन यांच्या म्हणण्याप्रमाणे गाडीमागं पंधरा डॉलर. १९६४ च्या मॉडेलमध्ये पुढचा बार सर्व गाड्यांना आला, मागं आडवी पाटा स्प्रिंगही आली. १९६५ मध्ये तर मागचं सस्पेन्शनच नव्यानं रचलं गेलं. गाडी सुधारली होती, पण आधीच्या लाखो गाड्या रस्त्यावर होत्याच.

इथं राल्फ नेडर यांचा प्रवेश होतो. लेबनॉनहून अमेरिकेत आलेल्या आईबापांचा मुलगा, हार्वर्डमधून कायदा शिकलेला, वय अवघं एकतीस. ३० नोव्हेंबर १९६५ रोजी त्यांचं 'अनसेफ अॅट एनी स्पीड' हे पुस्तक प्रसिद्ध झालं. त्याचं पहिलंच प्रकरण कॉर्व्हेअरवर होतं. तोवर अपघात म्हटला की दोष चालकाचा, असं ठरलेलं होतं. वेग जास्त होता, डुलकी लागली, शिकाऊ होता. नेडर यांनी विचारलं : चूक माणसाकडून होणारच, हे गाडी बनवणाऱ्याला ठाऊक नसतं काय? मग त्या चुकीला देहदंडाची शिक्षा असावी, अशी गाडी तो का बनवतो?

पुस्तकापेक्षा मोठा गाजावाजा कंपनीच्या पुढच्या कृतीनं झाला. जनरल मोटर्सनं नेडर यांच्यामागं खासगी गुप्तहेर लावले. त्यांच्या ओळखीपाळखीच्या लोकांकडं चौकशा झाल्या, खासगी आयुष्यात काही सापडतं का याचा शोध घेतला गेला. हे बाहेर फुटलं आणि २२ मार्च १९६६ रोजी जगातल्या त्या सर्वांत बलाढ्य मोटार कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटर रिबिकॉफ यांच्या उपसमितीपुढं, कॅमेऱ्यांच्या साक्षीनं, जाहीर माफी मागावी लागली. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला अध्यक्ष जॉन्सन यांनी मोटार सुरक्षा कायद्यावर सही केली. गाडी किती सुरक्षित असावी हे ठरवण्याचा अधिकार सरकारकडं आला. नेडर यांनी खासगीपणाच्या भंगाबद्दल लावलेला दावा १९७० मध्ये ४ लाख २५ हजार डॉलरवर मिटला. तो पैसा त्यांनी ग्राहकहिताच्या कामात घातला.

इतिहास सांगताना दुसरी बाजू गाळून चालत नाही. १९७२ मध्ये अमेरिकन सरकारच्याच वाहतूक सुरक्षा संस्थेनं १९६० ते १९६३ च्या कॉर्व्हेअरच्या चाचण्यांचा अहवाल दिला. त्या काळच्या इतर काही गाड्यांच्या तुलनेत कॉर्व्हेअर उलटण्याचा किंवा ताबा सुटण्याचा धोका जगावेगळा नव्हता, असा त्याचा निष्कर्ष होता. नेडर यांनी तो मानला नाही. कॉर्व्हेअर केवळ नेडर यांच्या पुस्तकामुळं बुडाली, हेही अर्धसत्य आहे. १९६४ मध्ये आलेल्या फोर्डच्या मस्टँगनं तिचं गिऱ्हाईक आधीच पळवलं होतं. मे १९६९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, तोवर सुमारे अठरा लाख गाड्या बनल्या होत्या.

मला मात्र तो अहवाल वाचून कंपनीची सुटका झाल्यासारखं वाटत नाही. इतरांच्याही गाड्या तशाच होत्या, ही सबब झाली. गल्लीतल्या सगळ्याच घरांची कौलं गळतात म्हणून आपलं पोर भिजायचं थांबत नाही. अमेरिकेत १९६६ मध्ये दर दहा कोटी मैल प्रवासामागं साडेपाचच्या आसपास माणसं रस्त्यावर मरत होती. २०१४ मध्ये हे प्रमाण एकाच्या जरा वर होतं. याचं श्रेय एकट्या कायद्याचं नाही. रस्ते, दवाखाने, सीटबेल्टची सवय, सगळ्यांचं आहे. पण 'चालकच दोषी' या समजुतीला तडा गेला तिथूनच.

तडा गेला म्हणून धडा कायमचा पाठ झाला, असंही नाही. २१ ऑक्टोबर १९९७ रोजी स्वीडनमध्ये रॉबर्ट कॉलिन हे मोटार-पत्रकार मर्सिडीजची नवी छोटी ए-क्लास तपासत होते. रस्त्यात अचानक सांबरासारखं मोठं जनावर, तिकडचा मूस, आडवा आला तर गाडी झटकन बाजूला आणि परत मूळ मार्गावर येते का, याची ती चाचणी. ए-क्लास उलटली. कंपनीनं विक्री थांबवली, सस्पेन्शन सुधारलं आणि घसरती गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, ईएसपी, प्रत्येक ए-क्लासमध्ये बसवली. तोवर ती महागड्या गाड्यांची मिरासदारी होती. याच चाचणीत १९९९ मध्ये सित्रोएनच्या झान्टिया अॅक्टिवा या गाडीनं ताशी ८५ किलोमीटरचा विक्रम केला. तिच्या स्टॅबिलायझर बारना तेलाच्या दाबाची जोड होती. साधी पोलादी सळई तोवर इतकी शहाणी झाली होती.

आता भाच्याच्या मागच्या बारकडं परत येऊ. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांचं इंजिन पुढं आणि ओढणारी चाकंही पुढचीच. वजन पुढं, म्हणून त्या मुळातच नाक बाहेर काढतात. १९७६ ची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय मागच्या बारसह आली आणि वळणावर आतलं मागचं चाक हवेत उचलून तीन चाकांवर धावणारी ती गाडी हौशी मंडळींच्या गळ्यातला ताईत झाली. तेव्हापासून मागचा बार जाड करणं हा हौशी लोकांचा पहिला उद्योग आहे. त्यात आनंद आहे, हे मी आंबा घाटात स्वतः पाहिलं. पण कंपनीनं मागचा बार बारीक ठेवला तो दर वेळी पैसे वाचवायला नव्हे. गाडी कोण चालवणार हे तिला ठाऊक नसतं. घाबरून पाय उचलणाऱ्या नवख्याची गाडी सावरावी, म्हणून ती थोडा अंडरस्टिअर मुद्दाम राखते. जाड बार त्या राखीव ठेवीतूनच उचल करतो. कोरड्या रस्त्यावर ते कळत नाही. पहिल्या पावसात, डांबरावर तेलकट निसरडं झालेलं असताना, वळणातच पाय उचलला, की वसुली सुरू होते.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. तो हसला, म्हणाला, "मामू, तुम्ही कविता करा." मी विषय सोडून दिला.

मृगाच्या आधीच्या रविवारी बहिणीकडं गेलो, तर पठ्ठ्या अंगणात पाना घेऊन गाडीखाली शिरलेला. त्याच्या बारच्या टोकांना दोन-दोन भोकं आहेत. लिंक रॉड आतल्या भोकात बसवली की बार ताठ, शेवटच्या भोकात बसवली की सैल. तो रॉड शेवटच्या भोकात सरकवत होता. मी काही विचारायच्या आधीच गाडीखालून आवाज आला, "पावसात अम्मीपण चालवते ना ही गाडी."

मी गप्प बसलो. पंधरा डॉलर वाचवणाऱ्या त्या मोठमोठ्या साहेबांना नेमकं हेच सुचलं नव्हतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)